दोन बाटल्या आणि सासूबाईंचे गुडघे

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं काढून:

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३९, घरची द्राक्षबाग, एकत्र कुटुंब. सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेत, जिना चढताना डोळ्यात पाणी येतं. सहा वर्षांपूर्वी हृदयातली झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी रोज चालू, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी दुखायच्या गोळ्या मनानं खायच्या नाहीत अशी ताकीद दिलीय. गणपतीत पुण्याचे दीर दोन बाटल्या घेऊन आले, एक पाव लिटरची 'हेम्प सीड ऑइल' आणि एक ड्रॉपरवाली छोटी. 'ही सीबीडी आहे, साडेचार हजाराची, आईला पाच थेंब सकाळी पाच रात्री दे, नॅचरल आहे, यानं नशा येत नाही, साइड इफेक्ट काही नाही.' सासरे माळकरी. त्यांनी 'गांजाची बाटली माझ्या घरात नको, उद्या पोलीस दारात येतील' म्हणून दोन्ही टाकून द्यायला सांगितल्या. ताईंनी त्या पिठाच्या डब्यामागं लपवल्यात. मधल्या मध्ये नवऱ्यानं व्हिडिओ बघून 'एक एकर बाग काढू, हेम्प लावू, कंपनी सगळा माल उचलते' असं सुरू केलंय. ताई विचारतात, 'हेम्प म्हणजे गांजाच का? दोन्ही बाटल्यांत एकच तेल असेल तर एक एवढी महाग का? आणि कुणाला न सांगता सासूबाईंच्या दुधातनं थेंब दिले तर चालेल का? त्यांचा त्रास बघवत नाही.'

उत्तर:

ताई, बाटल्यांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलं, निम्मं उत्तर त्या फोटोतच आहे. तुमच्या घरात सगळे पुढचं मोठं अक्षर वाचून भांडतायत आणि मागची बारीक अक्षरं कुणीच वाचलेली नाहीत. मी डॉक्टर नाही, पण वीसेक वर्षं सांगलीत औषधाच्या काउंटरमागं उभी राहिलेली बाई आहे, मागची बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा.

मोठ्या बाटलीवर मागं लिहिलंय की हे बियांचं घाण्यावर काढलेलं तेल आहे, आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर. म्हणजे हा किराणा माल झाला, शेंगतेल किंवा करडीच्या तेलासारखा. छोटीवर मागं 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) असं लिहिलंय, पानांचा अर्क, खोबऱ्याच्या तेलातून काढलेल्या एमसीटी तेलात मिसळलेला, आयुर्वेदिक औषधाचा लायसन नंबर, आणि खाली वैद्यकीय देखरेखीखाली घ्या अशी सूचना. ते औषध झालं. झाड एकच, पण एक बाटली त्याच्या बियांची आणि दुसरी पानांची, त्यामुळं 'दोन्ही एकच का' याचं उत्तर नाही असं आहे.

आता झाडाचं बघू. कॅनाबिस सटायव्हा हे शास्त्रीय नाव. गांजा, भांग, चरस आणि ज्याला हल्ली हेम्प म्हणतात ते, सगळं या एकाच जातीच्या झाडाचं. नशा येते ती टीएचसी नावाच्या द्रव्यानं आणि ते असतं मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या चिकट डिंकात, पानात थोडं कमी, देठात अगदी नावाला, आणि बीच्या आत जवळपास नाहीच, बीला लागतं ते बाहेरून डिंक चिकटल्यामुळं. सीबीडी हे त्याच डिंकातलं दुसरं द्रव्य, त्यानं नशा येत नाही. ज्या वाणात टीएचसी अगदी कमी त्याला हेम्प म्हणायचं ठरलंय, अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात ती रेघ ०.३ टक्क्याला मारलीय, आपल्याकडं उत्तराखंडातही तीच. गांज्यात ते प्रमाण १०-१५ टक्के किंवा त्याच्याही वर असू शकतं. म्हणजे फरक आहे तो वाणाचा आणि त्या द्रव्याच्या टक्केवारीचा, शेतात उभं झाड बघून तुम्हाला मला काय, भल्या भल्या माणसालाही सांगता येणार नाही.

तेव्हा सासऱ्यांचं 'हे गांजाचंच झाड' हे म्हणणं खोटं नाही, आणि दिरांचं 'यानं नशा येत नाही' हेही खोटं नाही. फक्त दोघं एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतायत. बाटलीवर हेम्प दिसलं की माझा एकच प्रश्न असतो, कुठला भाग? बी, देठ, पान की फुलोरा? एवढं विचारलं तरी बराच गुंता सुटतो.

बरं या हेम्प शब्दानंही लई घोळ घातलाय. इंग्रजांनी ज्या ज्या झाडापासून दोर निघतो त्याला हेम्प चिकटवून टाकलं. आपला ताग, जो तुम्ही हिरवळीच्या खताला गाडता, तो त्यांचा सन हेम्प. घायपात म्हणजे सिसल हेम्प. आणि अंबाडी म्हणजे डेक्कन हेम्प, तेव्हा सासऱ्यांना सांगा की मामंजी तुम्ही जन्मभर ज्वारीच्या भाकरीबरोबर डेक्कन हेम्पची भाजीच खात आलाय (हसतील बहुतेक, नाही हसले तर माझं नाव सांगू नका). या तिघांचा गांज्याशी काडीचा संबंध नाही. उलट १८९३-९४ मध्ये सरकारनं गांजा-भांग-चरस यांची चौकशी करायला जो आयोग नेमला त्याचं नाव होतं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन, म्हणजे तिथं हेम्प म्हणजे सरळ गांजाच. त्यांना तरी काय कळणार, टीएचसी हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं झालं १९६४ मध्ये, इस्रायलात.

आणि खऱ्या हेम्पच्या देठाचा उपयोगही जुनाच आहे. तागासारखाच देठ पाण्यात कुजवून वाख काढायचा, त्याचे दोर, जाडं कापड, कागद, आतल्या भुश्याचा चुन्यात मिसळून बांधकामाला वापर. आपल्या वेरूळच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडलेत, पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ते मांडलं, त्यामुळंच दीड हजार वर्षं तो गिलावा किडीमुंगीपासून टिकला असं त्यांचं म्हणणं. तेव्हा झाड पापी वगैरे नाही, ताई.

आता मोठी बाटली. तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि हुरळून जाण्यासारखंही नाही. नोव्हेंबर २०२१ पासून आपल्याकडं हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ हे खाण्याचा पदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे, तेलात किलोमागं १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी नको आणि कुठल्याही पदार्थात किलोमागं ७५ मिलिग्रॅमच्या वर सीबीडी नको अशी अट घालून. म्हणजे तुमच्या पाव लिटर बाटलीत कायद्यानं जास्तीत जास्त किती सीबीडी असू शकेल तर १७ मिलिग्रॅमच्या आसपास, अख्ख्या बाटलीत. त्यानं गुडघा बरा होणार असेल तर मग काय बोलायचं. बीमध्ये प्रथिनं चांगली, ओमेगा-३ आहे, उत्तराखंडात त्याची चटणी घरोघरी होते. पण ओमेगा-३ च पाहिजे तर जवसात ते हेम्पच्या दुपटीहून जास्त आहे, आणि जवसाची चटणी तुमच्या फडताळात आत्ता असेल. एक मात्र, या तेलात फोडणी करू नका, ते लवकर जळतं. माझ्याकडं एकदा एक गृहस्थ अर्धी बाटली परत द्यायला आले होते, बायकोनं त्यात वांगी परतली आणि घरभर जळक्या गवताचा वास, त्यांची समजूत अशी की माल खराब निघाला.

याच ठिकाणी एक फसवणूकही चालते, बाकीच्या वाचकांनीही ध्यान द्या. ऑनलाइन काही बाटल्यांवर 'हेम्प ऑइल ५००० मिलिग्रॅम' असं ठळक छापलेलं असतं आणि माणसाला वाटतं बाप रे पाच हजार, म्हणजे स्ट्राँग असणार. अहो, ३० मिलीलिटर कुठलंही तेल घ्या, त्याचं वजनच २७ हजार मिलिग्रॅम भरतं. तो आकडा तेलाचा आहे, सीबीडीचा नाही. उद्या कुणी शेंगतेलाच्या पिशवीवर 'नऊ लाख मिलिग्रॅम' छापलं तरी ते खोटं ठरणार नाही.

छोटी बाटली. हिच्यापाशी जरा थांबू. पुढं '१५०० मिलिग्रॅम' आहे, ३० मिलीलिटर. हाही आकडा अर्काचा आहे, निव्वळ सीबीडीचा नाही, पण घटकाभर सगळं सीबीडीच धरू. मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम, एका मिलीलिटरचे साधारण २० थेंब, म्हणजे थेंबाला अडीच मिलिग्रॅम. दिवसाला दहा थेंब म्हणजे २५ मिलिग्रॅम. आता दुसरीकडं बघा, गुडघ्याच्या झिजेवरच व्हिएन्नात एक नीट केलेली चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. त्यात लोकांना पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं आणि तरीही नुसतं पॅरासिटामॉल घेणाऱ्यांपेक्षा दुखणं काही जास्त कमी झालं नाही. ६०० मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या बाटलीचे २४० थेंब रोज, अडीच दिवसांत बाटली संपली, साडेचार हजार गेले. तेव्हा दहा थेंबांनी आराम पडेल असं मी तरी तुम्हाला सांगणार नाही.

मग सीबीडी थोतांड आहे का, तर तसंही नाही. लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली, नंतर आणखी एका आजारावर. पण तिथं डोस वजनाच्या किलोमागं १० ते २० मिलिग्रॅम, डॉक्टरच्या नजरेखाली, लिव्हरच्या तपासण्या करत, आणि झोप येणं, जुलाब, लिव्हरचे आकडे वाढणं हे साइड इफेक्ट पाकिटावर छापलेले. 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. धोतराही नॅचरलच आहे.

आणि आता तुमच्या पत्रातली मला खरी धास्ती वाटली ती गोष्ट. वॉरफरिन. सासूबाईंची ती रोजची गोळी लिव्हरमध्ये ज्या वाटेनं मोडली जाते तीच वाट सीबीडी अडवतं. गोळी मोडली नाही की रक्त जास्तच पातळ होतं, पीटी-आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा) आकडा वर जातो आणि मग हिरड्यातनं रक्त, लघवीतनं रक्त, नाहीतर घरात साधी पडल्या तरी डोक्यात रक्तस्राव. झडप बदललेल्या माणसाचा तो आकडा किती नाजूक सांभाळायचा असतो हे तुम्ही सहा वर्षं बघताय. त्यात तुम्ही म्हणताय दुधातनं देऊ. सीबीडी तेलकट-तुपकटाबरोबर गेलं की उपाशी पोटापेक्षा चार-पाच पट जास्त अंगात शिरतं, म्हणजे आज सायीचं दूध, उद्या बिनसायीचं, थेंब तेवढेच पण आत जाणारं औषध निराळं. आणि आकडा बिघडला तर डॉक्टर विचारणार नवीन काय सुरू केलं, सासूबाई म्हणणार काहीच नाही, कारण त्यांना माहीतच नसणार. त्यांना खोटं बोलायची वेळसुद्धा येणार नाही, एवढं ते अंधारात असेल. म्हणून, नाही ताई. चोरून तर अजिबातच नाही, आणि उघडपणेही मिरजेच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

चुकून आधीच दिले असतील (पत्रात तुम्ही नाही म्हटलंय, पण माझ्या अनुभवानं असं विचारणारी निम्मी माणसं दोन दिवस देऊन मग विचारतात, रागावू नका) तर थांबवा, डॉक्टरांना फोन करून खरं सांगा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता आयएनआर करून घ्या. वॉरफरिनची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, कमीही करायची नाही.

दिरांनी ही बाटली कशी मिळवली तेही तुम्ही सहज लिहून गेलाय, ऑनलाइन पाच मिनिटं डॉक्टरशी बोलून, स्वतःच्या नावावर, 'झोप लागत नाही' म्हणून चिठ्ठी. म्हणजे ते औषध दिरांचं आहे, त्यांच्या झोपेचं. त्या डॉक्टरला ना सासूबाई माहीत ना त्यांची झडप. दिरांचा जीव आईसाठी तुटतोय हे दिसतंय, लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी हातात घेऊन यावंसं वाटतंच, त्यावरनं त्यांना बोलू नका, बाटली परत द्या आणि गोळीचं नाव सांगा, ते स्वतः शोधून बघतील.

पोलिसांचं म्हणाल तर सासऱ्यांची भीती अगदीच हवेतली नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे डिंक, हे दोन्ही बंद. बी आणि पानं, फुलोऱ्याशिवाय असतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत, त्या फटीतनंच पानांच्या अर्काची ही औषधं आयुषच्या (आयुर्वेद वगैरे औषधांच्या सरकारी खात्याच्या) लायसनवर बनतात आणि चिठ्ठीवर विकली जातात. भांगेलाही महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं वेगळं बंधन आहेच, म्हणून 'पान म्हणजे मोकळं रान' असं कुणी समजू नये. लायसन नंबर असलेली, चिठ्ठी असलेली बाटली ज्याच्या नावची त्याच्याकडं असली तर भ्यायचं कारण नाही. पण कुरियरनं परदेशातनं आलेली, मागं ना लायसन ना कुठला भाग वापरला त्याचा पत्ता, अशी बाटली घरात ठेवू नका, त्यात नेमकं काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली तर जेमतेम ३१ टक्क्यांवर आकडा बरोबर निघाला, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. मर्चंट नेव्हीत वगैरे ज्यांची पोरं आहेत, जिथं लघवीची टेस्ट होते, त्यांनी तर 'फुल स्पेक्ट्रम' (म्हणजे झाडातली सगळी द्रव्यं, थोडं टीएचसीही) लिहिलेल्या बाटलीपासून चार हात लांब राहावं.

नवऱ्याचं हेम्प. त्यांना एवढंच विचारा की लायसन कुणाच्या नावावर आणि कुणी दिलेलं, कागद दाखवा. उत्तराखंडानं २०१८ पासून धागा आणि बियांसाठी लायसनवर लागवड सुरू केली, कारण तसं करायची मोकळीक कायद्यानं सरकारला आहे, शेतकऱ्याला परस्पर नाही. आपल्या बांधावर बिनपरवाना लावलं तर 'माझं हेम्प आहे साहेब, गांजा नाही' हे कोर्टात सांगत बसावं लागेल, आणि लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. उसाच्या फडात गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्या भागात काय कमी येतात? आणि 'कंपनी सगळा माल उचलते' हे ऐकलं की मला ईमू पक्ष्यांच्या, कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच बुडालेल्या योजना आठवतात. चालू बाग काढू नका. रानात काही हेम्प लावायचंच असेल तर सन हेम्प लावा म्हणावं, म्हणजे आपला ताग, दीड महिन्यात फुलोऱ्यावर आला की गाडून टाका, जमिनीचं तरी भलं होईल.

राहिले गुडघे. ताई, तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, सासऱ्यांचं आहे, नवऱ्याचं आहे, तुमचं आहे. सासूबाई काय म्हणतात ते एका ओळीतसुद्धा नाही. गुडघे त्यांचे आहेत. त्यांना विचारा नेमकं कधी जास्त दुखतं, उठताना, जिन्यावर, का संडासला बसताना. कितीतरी घरांत मी बघितलंय, बाई गोळ्या मागत येते आणि खरी अडचण असते ती भारतीय पद्धतीचा संडास. हजार-दोन हजाराची कमोड खुर्ची आणली, झोपायची खोली खाली आणली, की निम्मी कटकट जाते. दुसरं, मांडीचा स्नायू. पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि तिच्यावर गुडघा दाबायला सांगा, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि सोडायचं, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. फुकटचं म्हणून कुणी करत नाही. एकदा फिजिओथेरपीवाल्याला दाखवून नीट शिकून घ्या म्हणजे चुकायला नको. मिरजेला पुढच्या वेळी जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, वॉरफरिन चालू असताना पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस चालेल, गुडघ्यावर लावायचं मलम कुठलं चालेल, काही मलमंसुद्धा रक्त पातळ करण्यात भर घालतात म्हणून तेही मनानं नको. आणि दोन्ही बाटल्यांचे मागचे फोटो दाखवा, डॉक्टर ओरडतील या भीतीनं लपवू नका, ओरडले तरी चालेल.

मोठी बाटली पिठाच्या डब्यामागनं काढून फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ती खवट होते. सासूबाईंना तीही डॉक्टरांना विचारूनच, बाकीच्यांना कोशिंबिरीवर, चटणीवर चमचाभर टाकायला हरकत नाही. सासऱ्यांच्या ताटात टाकायच्या आधी मात्र त्यांना मागचं लेबल वाचून दाखवा, आणि नको म्हणाले तर नको.